पेवाच्या तोंडाशी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ ऑक्टोबर १९९८

चि. विद्याश्री,

पहिल्यांदा आली ती झुंबरबाई. वाटी घेऊन. साखर न्यायला आलो म्हणती, पण तिला साखर कमी आणि बातमी जास्त लागती. उंबऱ्यातनंच वरडली, "आक्का, दोन पावण्या तुझं घर हुडकत तालमीपास्न फिरत हुत्या, घेऊन आलोय बघ. च्या टाक!" मागनं त्या दोघी. एक पन्नाशीची, एक तिची लेक, चार म्हयन्यांची पोटुशी. मला तोंडवळा वळखंना. पण थांब, त्याच्या आधी तुझ्या पत्राचं.

तुझं पत्र मी तीन डाव वाचलो. एकदा माझं मी, बोट लावून. एकदा तुझ्या बाबानं वाचून दाखवलं. आणि एकदा झुंबरबाईला ऐकवायला. पुण्याच्या हापिसात शब्दकोशाचं काम करणारी माझी नात, आणि ती चौथी नापास आज्जीला इचारती, "पेव म्हणजे काय ते नीट सांग, आणि ते बोलण्यात कसं कसं येतं तेही सांग"! अगं, जल्मभर मला सगळी म्हणत आली, आक्का, तोंड बंद ठेव. आता त्याच तोंडाचं पुस्तक हुणार!

तर लिवून घे. पेव म्हंजे भुईच्या पोटातलं कोठार. आमचं गाव कुरुंदवाडच्या वरल्या अंगाला, माळावर. नदीचं पाणी तितवर चढत न्हाय, म्हणून घरोघरी पेवं. तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरंल एवढं. आत पोट मोठं, रांजणासारखं. आतनं शेणानं सारवायचं, कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी वतायची. वर फरशी, फरशीवर माती, मातीवर सारवण. झालं. वरनं बघणाऱ्याला नुसतं अंगण. लढाईच्या वक्ताला सरकारचा साहेब धान्य जप्त करायला आला आणि आमच्या पेवावरच खुर्ची टाकून बसला. "चनबसाप्पा, धान्य कुठं हाय?" आमचे अप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमच्या पायाशपथ, घरात दाणा न्हाय." खोटं काय बोलले? घरात नव्हताच.

कानडीत आमी हगेव म्हणतो. माझी अव्वा, म्हंजे आई, म्हणायची, बाईचं मन हगेवागत असावं, वरनं सारवल्यालं. आणि एखादी गोष्ट लई झाली की पेव फुटलं म्हणत्यात, ते तुला ठावंच हाय. आमच्या पेठेत सध्या केबलवाल्यांचं पेव फुटलंय.

हां, पावण्या. ती पन्नाशीची बाळाबाई, मलकापूरची. अप्पांकडं ज्ञानू नावाचा सालगडी हुता, त्येची लेक. ज्ञानू आमच्या पेवात मेला. मी दहा वर्सांची हुतो. बाळाबाई तवा आईच्या पोटात. तिची आई तानाबाई अजून हाय म्हणं, सत्तरीच्या वर. ते पेव नेमकं कुठं हुतं, इचारायला आलती. मी म्हटलो, त्याच्यावर आता माझ्या भाच्याची पिठाची गिरण हाय. च्या घेतला, पुन्हा येतो म्हणाल्या, गेल्या.

असू दे ते. तू दुसरे शब्द इचार की. मला कणगी ठावं हाय, बळद ठावं हाय. भिंतीच्या आत धान्य ठेवत्यात त्याला बळद म्हणत्यात. ते लिवू का?

तुझी आज्जी
अक्काताई


पुणे
२३ ऑक्टोबर १९९८

प्रिय आज्जी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यांदा वाचलं. "तुमच्या पायाशपथ" ऐकून आमचे सर चष्मा काढून हसले. म्हणाले, ही बाई पगारावर घ्यायला हवी. फराळाचा डबा मिळाला. करंज्या पोचेपर्यंत चुरा झाल्या, पण चुरासुद्धा संपला.

एक सांगू? ज्ञानूचं तू एका ओळीत संपवलंस. तू कुठलीच गोष्ट एका ओळीत संपवत नाहीस. झुंबरबाईच्या वाटीलासुद्धा तुला पाच ओळी लागतात. काय झालं होतं त्याला? आणि पन्नास वर्षांनी बाळाबाई ते पेव का शोधत आल्या? पेवाविषयी गावात काही समजुती, काही बोलणी असतील तर तीही लिही. आम्हाला नुसता अर्थ नको असतो, माणसं तो शब्द कशी वापरतात ते हवं असतं.

तुझी
विद्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ नोव्हेंबर १९९८

चि. विद्याश्री,

सरांना म्हणावं, पगार नको, पुस्तकात नाव तेवढं मोठ्या अक्षरात छापा. झुंबरबाईला दाखवायचं हाय.

तुला बोलणी पायजेत न्हवं? एक हाय. माणूस पेवात उतरला आणि गुदमरून पडला, की "त्येला पेव लागलं" म्हणत्यात. जशी नजर लागती तसं. ज्ञानूला पेव लागलं. गावात तसंच म्हणत्यात.

आणि समजूत इचारशील तर पोटुशी बाईनं पेवाच्या तोंडाशी जायाचं न्हाय. पेवालाबी पोट, बाईलाबी पोट. दोन पोटं समोरासमोर आली की पेव जीव मागतं. त्या दिवशी ज्ञानू ज्वारी काढायला आत उतरला. तानाबाई त्येची भाकरी घेऊन आली. सहा म्हयन्यांची हुती. हाक मारली, ओ आली न्हाय, म्हणून ती तोंडाशी वाकली. माणसं धावत आली तवा त्यास्नी काय दिसलं? पेवाच्या तोंडाशी वाकल्याली पोटुशी बाई. झालं. पाचव्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला मलकापूरला घेऊन गेला. अप्पांनी दोन पोती ज्वारी दिलती. ती तिनं दारातच ठेवली. हात लावला न्हाय.

अप्पा माणूस वाईट नव्हता. त्येंनी गावच्या जत्रेत पालखीला...

पालखीचं राहू दे. बाळाबाई का आलती, ते इचारलंस. तिच्या लेकीचं, संयोगिताचं, पहिलं पोर पोटातच गेलं. आता दुसऱ्यांदा दिवस हायत. तर म्हातारी तानाबाई म्हणती, पेव अजून शांत झालं न्हाय, जिथं हुतं तिथं जाऊन नारळ फोडा, माझ्या नावानं माफी मागा. बाळाबाई माझ्या स्वयंपाकघरात भुईवर बसून म्हणाली, "मावशी, मी पोटात हुतो म्हणून माझा बा गेला. ल्हानपणापास्न ऐकत आलोय. माझं मी भोगलं, पण लेकीला नको."

मी पुन्हा च्या वतला.

बळदाचं लिवलो न्हाय. पुढच्या डावाला लिवतो.

आज्जी


पुणे
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय आज्जी,

कमाल केलीस! "पेव लागणे" आमच्याकडं कुणाकडूनच आलं नव्हतं. सरांनी लगेच कार्ड करायला सांगितलं. बघ कसं केलंय:

"पेव लागणे. पेवात उतरलेला माणूस गुदमरून दगावणे. गरोदर स्त्री पेवाच्या तोंडाशी आल्यास असे घडते, अशी समजूत. उदा. तानाबाई वाकली आणि ज्ञानूला पेव लागलं. (कुरुंदवाड परिसर. माहिती: अक्काताई, कोल्हापूर.)"

खालचं वाक्य मी तुझ्या पत्रावरून तयार केलंय. खऱ्या माणसाचं, खऱ्या घटनेचं उदाहरण सरांना फार आवडतं. जानेवारीअखेर मजकूर छापायला जाईल. तुझं नाव आलं! झुंबरबाईला सांग.

तुझी
विद्या


(पोस्टकार्ड)
२६ नोव्हेंबर १९९८

चि. विद्याश्री,
अंगात कणकण हाय. काळजी करू नको. त्या कार्डावरनं तानाबाईचं नाव काढ. का ते इचारू नको. नुसतं काढ.
आज्जी


पुणे
४ डिसेंबर १९९८

प्रिय आज्जी,

बाबांना फोन केला होता. म्हणाले, ताप-बीप काही नाही, पण तू दहा दिवस गप्प आहेस. तू गप्प म्हटल्यावर मला ताप परवडला असता.

तानाबाईंचं नाव काढते. पण सरांनी वर "का" असं लिहून कार्ड परत पाठवलंय, आणि एक शंकाही काढलीय. ते म्हणतात, बंद धान्यामुळं पेवातली हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही. म्हणून जुनी माणसं पेव उघडून ठेवत आणि आत जळता कंदील सोडत. कंदील विझला तर कुणी उतरत नसे. सगळीकडं ही पद्धत होती म्हणे. तुमच्या गावात नव्हती का? ज्ञानू उतरला तेव्हा कुणी कंदील सोडला नव्हता?

एवढं कळलं की कार्ड पुरं होईल.

तुझी
विद्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१६ डिसेंबर १९९८

चि. विद्याश्री,

तुझ्या पत्राला बारा दिवस झाले. रोज पाटी-पेन्शील घेतल्यागत कागद घेऊन बसलो, आणि रोज कांदा महागला, गल्लीतला नळ गळतोय, असलं काय काय लिवून फाडलो. तुझ्या बाबानं इचारलं, "अव्वा, एवढे कागद कशाला फाडतीस?" म्हटलो, अक्षर सुधारतोय.

कंदील हुता.

सकाळी फरशी काढली. दुपारपातूर तोंड उघडं ठेवलं. मग अप्पांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला आणि मला म्हणाले, "आक्का, हितं बस. इझला तर हाक मार. हलू नको." मी बसलो. शपथ, बसलो. वरनं वाकून बघितलं की खाली पिवळा ठिपका. बराच वेळ हुता.

तेवढ्यात पुढल्या सोप्यात कासार आला. अव्वानं मला जत्रेला हिरव्या बांगड्या भरायच्या कबूल केल्या हुत्या. कासार लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या थोड्याच आणायचा, उशीर झाला की संपल्या. मी पळालो. हात पुढं केला. त्यो माणूस हात दाबून दाबून, गप्पा मारत मारत एकेक चढवायचा. किती वेळ गेला, मला आजपातूर सांगता येत न्हाय.

परत आलो, वाकलो, खाली ठिपका न्हाय.

हाक मारायची ती तवाच. पण हाक मारली असती तर अप्पांनी इचारलं असतं, कवा इझला? मला ठावं नव्हतं कवा इझला. मग म्हणाले असते, तू कुठं हुतीस? मी दोरी वढली. कंदील वर आला, काच गार. मनात म्हटलो, वाऱ्यानं इझला असंल, तेल संपलं असंल. हलवून बघितलं, तेल वाजत हुतं. तरी मनाला म्हटलो, वाराच. चुलीतलं कोलीत आणून पेटवला आणि कडेच्या फरशीवर ठेवला. पुन्हा आत सोडला न्हाय. पुन्हा इझंल म्हणून सोडला न्हाय, विद्या. म्हंजे मला ठावं हुतं. दहा वर्सांची असलो तरी ठावं हुतं.

ज्ञानूमामा आला. मला खांद्यावर बसवून मोट दाखवायला न्यायचा त्यो. धोतर वर खोचलं आणि इचारला, "काय आक्का, जळत हुता न्हवं?"

मी म्हटलो, "व्हय की, मामा."

त्यो हसला. बांगड्या बघितल्या आणि म्हणाला, "झ्याक दिसत्यात." आणि उतरला.

पुढचं तुला लिवलंय. फक्त तवा कुणी कंदिलाचं इचारलंच न्हाय. तानाबाई तोंडाशी दिसली, मग कंदिलाचं काय काम? अप्पांनी फरशीवरचा कंदील उचलला. दिवसाउजेडी जळत हुता. माझ्याकडं बघितलं. फुंकर मारून इझवला आणि आत नेऊन ठेवला. जल्मात त्यावर एक शब्द बोलले न्हाईत. दोन पोती ज्वारी उगंच दिली न्हाईत, एवढं आता कळतंय.

तू ल्हानपणी म्हणायचीस, आमच्या आज्जीला कासार आवडत न्हाय, आला की आत जाऊन बसती.

तुझे आजोबा गेले त्यास्नीबी सांगितलं न्हाय. तुला सांगितलं, कारण तू ते छापाया निघालीस.

आज्जी


पुणे
२३ डिसेंबर १९९८

प्रिय आज्जी,

तू दहा वर्षांची होतीस, असं लिहून मी दोन पानं भरली होती. मग वाचून बघितली आणि बाजूला ठेवली. ते तुझं तुला माहीतच आहे.

कार्ड थांबवलंय. मी फक्त हवेचं कारण लिहिते, समजूत खाली, नाव कुणाचंच नाही. आणि बाळाबाई पुन्हा आल्या तर त्यांनाही एवढंच सांग ना, की बंद पेवातली हवा वाईट असते, त्यानं माणूस जातो. पोटुशी बाईचा काही संबंध नसतो. सरांचं नाव सांग हवं तर. त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल आणि कंदिलाचं मध्ये आणावं लागणार नाही. इतक्या वर्षांनी तुझी मान खाली जायची काय गरज?

बाबांना मी काही बोललेले नाही.

तुझी
विद्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० जानेवारी १९९९

चि. विद्याश्री,

काल आल्या. बाळाबाई आणि संयोगिता. पोरीला सातवा लागलाय. पिशवीत नारळ, हळदीकुंकू, सगळी तयारी. म्हणाल्या, "मावशी, गिरणवाल्याला एक चिठ्ठी द्या, गिरणीत नारळ फोडू देत न्हाईत कुणी."

तू सांगितलंस तसंच पहिल्यांदा केलो. बसवलं आणि म्हटलो, "बाळे, नारळ कशाला? माझी नात पुण्यात हाय, तिचे सर मोठे शिकल्याले. ते म्हणत्यात, पेवातली हवाच वाईट असती. तुझ्या आईचा काय दोष न्हाय." बोलून मला हलकं वाटलं. एवढं सोपं हुतं व्हय, असं वाटलं.

बाळाबाई हसली. वाईट न्हाय हसली, लेकराला समजावत्यात तशी. म्हणाली, "मावशी, हवेचं आईला ठावं हाय की. ती पेवावरच वाढलीया. म्हणून तर ती म्हणती, कंदील सोडला हुता आणि त्यो जळत हुता. चनबसाप्पांच्या आक्कानं माझ्या नवऱ्याला सोता सांगितलं जळतोय म्हणून, मी भाकरी घेऊन येताना कानानं ऐकलं. हवा चांगली हुती. मग माणूस गेला कशानं? माझ्याच पायगुणानं."

विद्या, गावानं म्हटलं म्हणून ती बाई ते मानत नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून मानत हुती. एकावन्न वर्सं माझ्या एका "व्हय की"वर.

झुंबरबाई वाटी घेऊन दारात उभी हुतीच. मी म्हटलो, "झुंबरे, आत ये, बस. उद्या पेठेत सांगणारच हायस, तर नीट ऐकून सांग." आणि सगळं सांगितलो. कासार, बांगड्या, गार काच, तेल वाजलेलं. काय ठेवलो न्हाय.

च्यावर साय धरली. कुणी उचलला न्हाय. संयोगितानंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हंजे आज्जी, माझं पहिलं गेलं, त्येचा पेवाशी काय संबंध न्हाय?" मी म्हटलो, "न्हाय गं पोरी. कधीच नव्हता." ती पदर तोंडाला लावून रडाया लागली, आणि मधीच हसली, आणि पुन्हा रडली.

बाळाबाई भिंतीकडं बघत हुती. म्हणाली, "आई सुपात ज्वारी घेत न्हाय. घरात कणगी उघडायची म्हटली की परसात जाऊन उभी ऱ्हाती. आमी निवडतो, आमी दळतो, तिला आयती भाकरी. सुना म्हणत्यात, म्हातारीचं नखरं. आणि मी, मला शाळेत पोरी म्हणायच्या, बापाला खाल्ल्याली." मग माझ्याकडं वळली. "तुमाला ह्ये आत्ता सुचतंय, व्हय?"

 

उठली. चपला घातल्या. मी मागं गेलो आणि म्हटलो, "मी मलकापूरला येतो. तानाबाईच्या पाया पडतो."

"नको," म्हणाली. "तिच्या दारात आलासा तर तुमी पावण्या. ती तुमच्यासाठीच चुलीवर आदण ठेवंल आणि माफ करून मोकळी हुईल. तसली हाय ती. मी तिला काय सांगणार न्हाय. हितं घेऊन येतो. तुमच्या उंबऱ्यात उभी राहून तुमच्या तोंडनं ऐकू दे. मग तिला काय करायचं ते करू दे. शिव्या देऊ दे, मारू दे, न्हाय तर नुसती परत जाऊ दे."

मी म्हटलो, "व्हय." एवढंच.

तुझ्या बाबाला सांगितलो. त्यो काल जेवला न्हाय. सकाळपास्न अंगणाकडलं दार उघडं करून बसलाय.

कार्डावर नाव घाल. ज्ञानूचं घाल, आणि माझं घाल. "कंदील इझल्याला ठाऊक असून अक्काताईनं सांगितलं न्हाय, आणि ज्ञानूला पेव लागलं." तुझ्या सरांना खरं उदाहरण पायजे हुतं. शुद्धलेखन तू बघ. मोठ्या अक्षरात नको.

नारळ त्या परत घेऊन गेल्या. सोमवारी, अठरा तारखेला, मलकापूरच्या पहिल्या एस्टीनं तानाबाईला घेऊन येतो म्हणाल्यात.

आज्जी